गोदाक्कांचा दीपस्तंभ

बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बाजारात गॅसबत्त्या भाड्यानं देणाऱ्या गोदाक्कांनी माझ्या वडलांना चारचौघांत मानानं उभं केलं. हे आधी लिहून टाकते. पुढं लिहिता लिहिता मी कुठं भरकटेन सांगता येत नाही, पण ज्यांनी केलं त्यांचं नाव पहिल्या ओळीत पाहिजे.

अक्का, आता तुमच्याशीच बोलते. तुम्ही गेलात त्याला अजून महिनाही व्हायचाय. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी अक्कांवर काही लिहून द्या, असं अभ्यंकरसाहेब म्हणाले, तेव्हा मी आधी नकोच म्हटलं. चौथीत शाळा सुटलेली बाई मी. अजून ऱ्हस्वदीर्घाशी आले की हात अडखळतो. साहेब म्हणाले, "ते मी बघतो वत्सलाबाई, तुम्ही फक्त लिहा." आणि गंमत अशी की तुम्ही असतात तरी हे तुम्हाला वाचता आलंच नसतं. तुमचं मराठी तोंडात मराठी आणि कागदावर कानडी अक्षरांत. मीच वाचून दाखवलं असतं, आणि तुम्ही मधेच म्हणाला असतात, "स्वल्प थांब गं वत्सी, हे असं नव्हतं झालं." तसंच वाचून दाखवतेय असं समजून लिहिते. थांबवायला कुणी नाही, म्हणून जरा भीती वाटते.

मी बंगळुरात आले ती लग्न होऊन. आमचे हे गिरणीत, सकाळी गेले की संध्याकाळी यायचे. दिवसभर घरात बसून मला रडू यायचं. आमचं कातळदांडा गाव कोकणात, खाली समुद्रात घुसलेल्या खडकावर. वडील तिथल्या दीपगृहावर खलाशी. आई गेली तेव्हा धाकटे भाऊ अगदी लहान होते, त्यांचं करायला घरात कुणीतरी हवं, म्हणून माझी शाळा थांबली. त्यामुळं मला येत काय होतं, तर स्वयंपाक, धुणं, आणि आबांबरोबर बत्तीच्या काचा पुसणं. असल्या बाईला ह्या एवढ्या शहरात कोण विचारणार?

एका संध्याकाळी भाजी घेऊन परतताना तुमच्या दुकानापाशी आले. तुम्ही कुठल्याशा लग्नाच्या बत्त्या पेटवून बघत होतात. बुडाशी स्पिरिट जळतंय, कुणी पंप मारतंय, आणि मग सूंऽऽ करून जाळी पांढरीफेक पेटली. तो आवाज, तो तापलेल्या रॉकेलचा वास! आमच्या दीपगृहाच्या वरच्या खोलीत हाच वास, हाच आवाज. बत्ती तेवढी हिच्या कितीतरी पट मोठी. माझे पाय तिथंच थांबले.

"काय गं, लग्न आहे का घरी? किती बत्त्या पाहिजेत?"

"बत्त्या नकोत," मी म्हटलं. "वास घ्यायला उभी राहिले."

तुम्ही शेजारच्या शिंप्याला कानडीत ते सांगितलंत आणि दोघंही पोट धरून हसलात. मग मला म्हणालात, "फुकट आहे, घे. पण रस्त्यात काय घेतेस, आत येऊन घे."

आत गेले ती जातच राहिले. तुम्ही मला जाळ्या बांधायच्या कामाला ठेवलंत. पहिल्याच दिवशी मी काय घोळ घातला होता तो तुम्ही मरेपर्यंत लोकांना सांगत होतात, तर मीही सांगते. एक गिऱ्हाईक भाव पाडून मागत होतं. तुम्ही हात झटकून म्हणालात, "बिडी, बिडी!" मी घाबरले. एवढी पोक्त विधवा बाई, आणि भर दुकानात बिडी मागतेय! पण मालकीणबाई म्हणताहेत तर द्यायला हवी. कोनाड्यातली काडेपेटी उचलून मी तुमच्यापुढं धरली आणि हळूच म्हटलं, "बिडी कुठं ठेवलीय, अक्का?" कानडीत 'बिडी' म्हणजे 'सोडा हो, जाऊ द्या', हे मला कुठलं ठाऊक? त्यानंतर शिंपी मला बघितलं की विचारायचा, "काय, अक्कांची बिडी संपली का?"

त्याच शिंप्यानं विचारलं होतं, वडील काय करतात. मी ऐटीत म्हटलं, "दीपस्तंभावर आहेत." तो म्हणाला, "दीपद कंब?" आणि मान डोलावली. दीपद कंब म्हणजे दिव्याचा खांब. झालं! सगळ्या गल्लीत पसरलं की वत्सलाचा बाप म्युनिसिपालटीत रस्त्यावरचे दिवे लावतो. मी पुष्कळ सांगून बघितलं. समुद्र आहे, खडक आहे, जहाजं येतात... पण माझं कानडी 'स्वल्प' म्हणजे जरासं आणि 'सरी' म्हणजे बरं, ह्यांच्यापुढं जात नव्हतं. हातवारे करून मी उंच बुरूज दाखवला की शिंपी म्हणायचा, "हो हो, उंच खांब." माझं नावच पडलं, कंबाची पोर. तुम्हीही हसायचात. तुम्हालाही तेव्हा माहीत नव्हतं, अक्का. तुम्ही जन्मात समुद्र पाहिला नव्हता. "आमचे लोक मराठी फौजेबरोबर घोड्यावर बसून इथं आले," असं तुम्ही मला चिडवायचात, "तुम्ही रेल्वेनं आलात. समुद्र बघायला घोडा कशाला तिकडं नेतील?"

मी ते हसण्यावारी न्यायला शिकले. मग आबा आले.

कातळदांड्याच्या दीपगृहात इंजिन बसलं, वीज आली. बत्ती पेटवायला, वजनाची साखळी वर ओढून भिंग फिरतं ठेवायला आता माणूस लागत नव्हता. आबांचं वयही झालं होतं. भाऊ मुंबईला एका खोलीत चौघं राहायचे, म्हणून आबा माझ्याकडं आले. बरोबर एक वळकटी आणि एक ट्रंक. आणि गप्प. दिवस मावळायला लागला की उठून उभे राहायचे, दाराशी जायचे, परत येऊन बसायचे. मी विचारलं, "आबा, काय हवंय?" तर म्हणायचे, "काय नाय बाय."

घरी एकटे नकोत म्हणून मी त्यांना दुकानात आणून बसवायला लागले. एकदा शिंप्यानं प्रेमानं चहा पाजला आणि हिंदीत विचारलं, "म्युनिसिपालटीचं पेन्शन वेळेवर मिळतं ना?" आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं सगळं. ते शिंप्याला म्हणाले, "मिळतं." आणि कप ठेवून घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात येईनात. जेवणही कमी झालं. मला रात्री झोप लागेना. वाटायचं, ह्या माणसानं सारा जन्म समुद्रावर नजर ठेवली आणि आता माझ्या घरात तो असाच, कुणीच नसल्यासारखा, संपणार. आमच्या ह्यांना म्हटलं तर ते म्हणाले, "म्हातारपण असंच असतं." तुम्हाला सांगितलं तर तुम्ही जाळी बांधता बांधता हात थांबवलेत.

"म्हणजे तो रस्त्यावरचा खांब नव्हे?"

"नव्हे हो अक्का! इतके दिवस काय सांगतेय मी!"

"मग नीट सांग की, मराठीत सांग. शिंप्याला कशाला सांगत बसलीस?"

त्या दुपारी मी तुम्हाला सगळं सांगितलं. प्रत्येक दीपगृहाची चाल वेगळी असते, आमचं दोनदा लखलखून मग काळोख, त्यावरनं दर्यावरचा माणूस ओळखतो की हा कातळदांडा, हे सगळं. तुम्ही ऐकलंत आणि एवढंच म्हणालात, "सरी."

तुमचं ते 'सरी' मला तेव्हा नीट ओळखता येत नव्हतं. आठवड्याभरात तुम्ही मला धरून मंडळाच्या सभेला नेलंत. गणपतीच्या देखाव्याचं चाललं होतं. अभ्यंकरसाहेब सेक्रेटरी. सरकारी कारखान्यात इंजिनियर, पुण्याचे, बोलणं गोड. तुम्हाला बघून म्हणाले, "या अक्का. बत्त्या भाड्यानं देता तुम्ही. आज सल्ला फुकट द्यायला आलात वाटतं?"

"सल्ला पण भाड्यानंच देते साहेब. गणपती झाल्यावर परत करा."

सभा हसली, आणि हसतेय तोवर तुम्ही सांगून मोकळ्या झालात. ह्या वर्षी देखावा दीपस्तंभाचा. दीपस्तंभाचा इतिहासही सांगायचा. सांगणार कोण, तर ही वत्सला.

मी मागून तुमचा पदर ओढला. त्या खोलीत बसलेल्या बायका मॅट्रिकच्या पुढं शिकलेल्या, कुणाचा नवरा संशोधनात, कुणाचा विमानाच्या कारखान्यात. साहेबांना माझी दया आली असावी. म्हणाले, "मी लिहून देऊ का? ह्यांनी नुसतं वाचायचं."

"तुम्ही लिहिलंत की ती तुमच्यासारखी बोलेल," तुम्ही म्हणालात. "मग तुम्हालाच उभं केलं नसतं का? दिसायला पण बरे आहात."

साहेबांनी हात जोडले. ठरलं.

परत येताना मी रडकुंडीला आले होते. मला नाही जमणार, लोक हसतील, आबांची आणखी शोभा होईल. कमर्शियल स्ट्रीटच्या तोंडाशी एक वरात जात होती, ती जाईपर्यंत आपण थांबलो. बत्त्या तुमच्याच होत्या. मग तुम्ही म्हणालात, "आता काय काय बघितलंस, सांग."

"नवरा बघितला. घोडा. बायकांच्या साड्या."

"आणि बत्ती घेतलेली माणसं?"

मी वळून बघितलं, वरात लांब गेली होती.

"आमचे यजमान जन्मभर डोक्यावर बत्ती घेऊन चालले. त्यांच्या उजेडात सगळं गाव बघितलं लोकांनी. त्यांना माझ्याशिवाय कुणी बघितलं नाही. तुझ्या बापाला तरी बघू दे. चल आता, रडायला घरी जागा आहे."

घरी आले आणि आबांना म्हटलं, "आबा, दीपगृहाचा इतिहास सांगायचाय मला मंडळात. मला काही येत नाही. तुम्ही सांगा."

"कसला इतिहास? मी पेटवायचो, सकाळी विझवायचो."

"त्याच्या आधी कोण पेटवायचं?"

"बाबा."

"त्यांच्या आधी?"

असं एकेक विचारत गेले. मी भाकऱ्या थापायचे आणि ते पाटावर बसून बोलायचे. इंग्रजांच्या वेळी एक जहाज आमच्या खडकावर फुटलं, मग साहेब लोक आले, जांभ्या दगडाचा बुरूज उठला. पहिल्यांदा खोबरेलाच्या वाती होत्या. त्यांची काजळी इतकी की खलाशाला काचा पुसण्यापुढं दुसरं कामच नव्हतं. मग रॉकेल आलं, मग जाळीची बत्ती. रोज थोडं थोडं. तिसऱ्या चौथ्या दिवशी मीच विचारायच्या आधी आबा म्हणाले, "बाय, लढाईतलं सांगितलं नाय तुला."

ते मी कधीच ऐकलं नव्हतं. महायुद्धाच्या त्या दिवसांत शत्रूला दिसू नये म्हणून बत्ती बंद ठेवायचा हुकूम आला होता. आणि अशात एकदा वादळी हवा सुटली, गावच्या होड्या बाहेर होत्या. बायका बत्तीच्या पायथ्याशी जमल्या आणि आबांना शिव्या द्यायला लागल्या. तुझे हात मोडले काय, पेटव की! आबांना पेटवता येईना. मग ते गावदेव कातळोबाच्या देवळात गेले, तिथला शंख घेतला, खडकाच्या टोकाला उभे राहिले आणि फुंकत राहिले. दोनदा फुंकायचं आणि थांबायचं. बत्तीची चाल तीच शंखाची.

"हुकूम उजेडाचा होता," आबा म्हणाले. "आवाजाबद्दल कोण काय बोललं नव्हतं."

"आणि होड्या?"

"आल्या. सगळ्या."

"हे कुणाला सांगितलं नाहीत कधी?"

"साहेबाला कळलं असतं तर? मग राहिलं ते राहिलं."

मी पळत तुमच्याकडं आले आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही ऐकून नाक शिंकरलंत आणि म्हणालात, "दीपस्तंभ आचारी करणार आहे. ठरवून आले मी."

मंडळात जेवणावळी असतात, आचारी असतो, हे खरं. पण दीपगृह आचारी कसं करणार? मी भीत भीत विचारलं, "कणकेचं करणार का?"

"कणकेचं कशाला? लाकडाचं करील. देवाचे रथ करतो तो."

तुमच्याकडं आचारी म्हणजे सुतार. ते कळल्यावर आपण दोघी इतक्या हसलो, शिंपी उठून बघायला आला. त्या हसण्यात खरा प्रश्न राहूनच गेला. आचाऱ्यानं दीपस्तंभ म्हणजे काय समजून काम घेतलंय, हे मी विचारलंच नाही. तुम्हीही नाही.

चतुर्थीच्या सकाळी बैलगाडी मंडळाच्या दाराशी आली. वर गोणपाट बांधलेलं. आचारी खुशीत. त्यानं गोणपाट काढलं, आणि अक्का, ती दीपमाळ होती. देवळापुढं असते तशी. खाली रुंद, वर निमुळती, चारी बाजूंनी पणत्यांसाठी दिवळ्या, तळाशी दोन हत्ती. काम इतकं सुबक की कुणाला वाईट म्हणवेना. पण दीपमाळ!

अभ्यंकरसाहेबांनी डोक्याला हात लावला. "अक्का, हे काय?"

"दीपस्तंभ," तुम्ही म्हणालात. "चांगला आहे की. हत्ती पण घातलेत बघा, मी सांगितले नव्हते."

आचारी मान हलवत कानडीत सांगत होता, एकेक दिवळी हातानं कोरलीय, असा दीपस्तंभ ह्या गावात दुसरीकडं नाही. माझे डोळे भरून आले. आता बत्ती, भिंग, जहाजं सांगायला उभी राहिले आणि पाठीमागं हे असलं, तर मी कुणाची मुलगी ठरणार? आता रस्त्यावरच्या खांबाच्या जागी देवळातला खांब, एवढंच.

आबांना मी बळंच आणलं होतं. ते लांब उभे होते, ते पुढं आले. दीपमाळेभोवती एक फेरी मारली. हत्तीच्या पाठीवर हात ठेवला. आणि हसले. बंगळुरात आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं.

"बाय, ही तर कातळोबाची दीपमाळ. हत्ती नव्हते आमच्या दीपमाळेला, गरीब देव तो."

मग त्यांनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं. साहेबानं बुरूज बांधला त्याच्या कितीतरी आधी दांड्यावर कातळोबाच्या देवळापुढं दीपमाळ होती. कोळ्यांच्या घरांतनं पाळीपाळीनं तेल यायचं आणि देवळाचा गुरव ती लावायचा. होड्या त्या उजेडावर घरी यायच्या. बुरूज झाला तेव्हा साहेबांना वाऱ्यात वात कशी राखायची ते येणारा माणूस हवा होता. त्यांनी गुरवालाच घेतलं. तो गुरव म्हणजे आबांचा आजा.

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच.

"तू दीपगृहाचं विचारलंस. देवळाचं कुठं विचारलंस?"

तुम्ही पदर खोचलात आणि अभ्यंकरसाहेबांकडं बघितलंत. "ऐकलंत का? आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. आता दुसरं पण करा."

आचाऱ्याला समजावून सांगितलं तेव्हा तो बिचारा इतका ओशाळला की मजुरीच नको म्हणायला लागला. तुम्ही म्हणालात, "बिडी हो!" आणि त्याला बांबू आणायला पिटाळलंत. दुपारभर सगळं मंडळ राबत होतं. विमानाच्या कारखान्यातले दोघे पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून बांबू बांधत होते, बायका जुन्या चादरी चुन्यात बुडवत होत्या. दीपमाळेच्या शेजारी दुप्पट उंच पांढरा बुरूज उभा राहिला. वर तुमची सगळ्यांत मोठी गॅसबत्ती, तिच्याभोवती सायकलच्या आडव्या चाकावर बसवलेला पत्र्याचा मोठा डबा, आणि डब्याला जवळ जवळ कापलेल्या दोन फटी. चाक एका चालीनं फिरवलं की लख, लख, आणि मग काळोख. फटींमधलं अंतर आबांनी बोटांनी दाखवलं आणि साहेबांनी स्वतः पत्रा कापला. साहेब आबांना नावानं विचारायचे, "भिकाजीराव, एवढं पुरे?" "अजून कांडंभर, साहेब." दोघंही घामाघूम.

संध्याकाळी आरती झाली आणि मला पुढं ढकललं. सगळं मंडळ होतं, बाहेरचीही माणसं होती. तुम्ही शिंप्याला घेऊन आला होतात, पहिल्या रांगेत. मी तोंड उघडलं आणि आवाज नाही. काहीच नाही. पाठ केलेलं सगळं गेलं. लोक वाट बघताहेत. कुणीतरी खोकलं. मला वाटलं आता पळावं.

तेवढ्यात तुमचा आवाज आला, भर सभेत, घरातल्यासारखा. "वत्सी, मला सांग गं. ह्यांना बिडी. तुझे वडील काय करतात?"

आणि मी बोलले. "माझे वडील दीपगृहावर खलाशी होते. म्युनिसिपालटीत नव्हते."

आधी शिंपी हसला, मग सगळे. त्यानंतर मी थांबले नाही. कातळोबाची दीपमाळ सांगितली, तेव्हा बायकांनी दिवळ्यांत पणत्या लावल्या. फुटलेलं जहाज सांगितलं, खोबरेलाची काजळी सांगितली. बुरुजाची बत्ती आबांनी पेटवली आणि आचारी चाक फिरवायला लागला. त्या लखलखाटात मला समोरच्यांची तोंडं दिसायची आणि जायची. मग लढाईतली गोष्ट आली. ती सांगतानाही शब्द अडले नाहीत. "हुकूम उजेडाचा होता, आवाजाचा नव्हता," म्हटलं आणि सभा अशी शांत झाली की बत्तीचा सूं आवाज मागच्यांना ऐकू जावा.

तुम्ही कधी उठलात मला दिसलं नाही. गणपतीपुढचा आरतीचा शंख घेऊन तुम्ही आबांसमोर उभ्या होतात. आबा नको नको म्हणत होते. तुम्ही काहीतरी बोललात, काय ते मला ऐकू आलं नाही. आबांनी शंख घेतला. दोनदा फुंकला आणि थांबले. पुन्हा दोनदा. वर बत्तीची चाल, खाली शंखाची, दोन्ही एकच. माझे आबा, अक्का. छाती भरून, मान वर करून. सगळी सभा उठून उभी राहिली. टाळ्या पुष्कळ वेळानं आल्या, आधी नुसती माणसं उभी राहिली.

त्यानंतर आबांना शिवाजीनगरात चालताना वेळ लागायला लागला, कारण जो तो थांबवायचा. शिंप्यानं त्यांना सदरा शिवून दिला. मंडळातली मुलं रविवारी घरी यायची, गोष्ट ऐकायला. आणि मी? मी पुन्हा कुणाला हातवारे करून काही सांगितलं नाही. 'वडील काय करतात' असं कुणी विचारावं म्हणून मीच वाट बघायचे.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात, "मी मुद्दाम आचाऱ्याला दीपमाळ सांगितली होती." खोटं, अक्का! हत्ती बघून तुम्हीच चकित झाला होतात. आणि दुसरं, ज्यावर आपण किती दुपारी घालवल्या! आबा म्हणायचे, दीपगृह माणसाला बोलवत नाही, ते सांगतं की इथं खडक आहे, लांब राहा. तुम्हाला ते कधीच पटलं नाही. तुमचं म्हणणं, "ये म्हणायचं नाही तर दिवा कशाला लावायचा?" मी आबांची बाजू घ्यायचे, तुम्ही दीपमाळेची. हॉस्पिटलात मी तुम्हाला शेवटचं भेटले तेव्हा तुम्हाला नीट बोलवत नव्हतं. तरी मला बघून म्हणालात, "भिकाजीरावांना विचार, होड्या खडकाला भिऊन आल्या काय घरी?" मी म्हटलं, "उद्या विचारून सांगते." आबांनी उत्तर दिलं होतं, अक्का. ते म्हणाले, "बाईंना सांग, त्या म्हणतात ते बरोबर." ते घेऊन मी येईपर्यंत तुम्ही गेला होतात.

म्हणजे तुम्ही जिंकलात, आणि तुम्हाला कळलंही नाही. ह्याचं मला फार लागतं. तुम्ही किती मिरवलं असतंत!

गॅसबत्त्या आता कोण मागत नाही. तुमच्या पुतण्यानं विजेच्या माळा आणल्यात, त्या तुम्हीच त्याला घ्यायला लावल्यात. लोक मला विचारतात, वाईट वाटतं का. तुम्हाला वाटलं नव्हतं. "हात काळे होत नाहीत, बरं झालं," म्हणाला होतात. मी आता माळांचे बल्ब तपासते. काम आहे, आणि दुकानात मला माझ्या नावानं हाक मारतात. सगळं तुमच्यामुळं. पण आभाराचं तोंडातनं निघालं की तुम्ही कशाची तरी घाई काढायचात. एकदाही पुरतं म्हणू दिलं नाहीत. आबांना शंख देताना काय बोललात, तेही सांगितलं नाहीत. आबाही सांगत नाहीत. "ते आमचं आमचं," म्हणतात.

आबा आता थकलेत. पावसाळा सरला की मी त्यांना घेऊन कातळदांड्याला जाणार आहे, आमच्या ह्यांनी कबूल केलंय. दीपगृहावर आता नवी माणसं आहेत, आलेल्यांना वर नेऊन इतिहास सांगतात म्हणे. त्यात इंग्रज साहेब असतील, इंजिन असेल. मी त्यांच्यापुढं बसेन आणि त्यांना आमच्या गुरवाचं सांगेन, खोबरेलाचं, शंखाचं. आणि मग सांगेन की समुद्रापासून इतक्या लांब बंगळुरात एक बाई होती, तिनं हे दीपगृह कधी डोळ्यांनी बघितलं नाही आणि तरी ते पुन्हा उभं केलं. गोदाक्का तिचं नाव. कातळदांड्याच्या इतिहासात ते नाव मी घालणार, आणि माझ्यामागं ते तिथं कुणीतरी सांगत राहील असं करून येणार. ह्या वर्षी जमलं नाही तर पुढच्या वर्षी, पण तुमचं हे देणं मी फेडीन, अक्का.